ताट कधी फिरवायचं

प्रिय ताई,
स. न. वि. वि.

मी पुण्यात एका छोट्या जाहिरात संस्थेत कॉपी लिहिते. चार वर्षं झाली. आधी नुसती ॲडॅप्टेशन करायचे, म्हणजे मुंबईहून हिंदी ओळ आली की तिला नऊवारी नेसवून पुढे पाठवायची. आता स्वतःची कामं मिळतात. गेल्या उन्हाळ्यात एका हापूसवाल्या क्लायंटचं ऑनलाइन विक्रीचं पान केलं. त्यावर लाल अक्षरांत 'फक्त 7 पेट्या शिल्लक' होतं, तेव्हा गोदामात पेट्या छताला टेकल्या होत्या. 'आत्ता 43 जण हे पान बघत आहेत' यातला आकडा आमचा प्रोग्रॅमर मनाला येईल तो टाकायचा. सूट नको असेल तर जे बटण दाबायचं, त्यावर मी लिहिलं होतं, 'नको, मला कुठलाही आंबा चालतो.' मीटिंगमध्ये सगळे हसले, क्लायंट खूश. आमचे सर म्हणतात, हे मानसशास्त्र आहे, सबकॉन्शसवर काम करतं, जगभर करतात.

मी कथाही लिहिते. या वर्षी एक कथा दोन दिवाळी अंकांना पाठवली, दोन्हीकडून साभार परत. एका संपादकांनी वर पेनने लिहिलं होतं, 'कथा छान चालली होती, शेवटी काहीतरी विकायला लागली.' त्या ओळीने झोप उडवली आहे. मला वाटायचं, दिवसा करते ते पोटासाठी आणि रात्री करते ते मनासाठी. आता वाटतं, दोन्ही वेळा मी एकच करते, लोकांना गुंडाळते. नोकरी सोडू, की लिहिणं? कथा सोबत जोडली आहे. वेळ झाला तर वाचा.

तुमची,
कॉपीवाली, पुणे

*

प्रिय कॉपीवाली,

नोकरी सोडू नकोस आणि लिहिणं तर अजिबात नको. पण ते आंब्याचं बटण पुढच्या सीझनच्या आत बदल. हा नीतीचा प्रश्न आहे हे खरं, पण त्याच्याही आधी तो कायद्याचा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ऑनलाइन विक्रीतल्या फसव्या क्लृप्त्यांवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात 13 प्रकार नावानिशी दिले आहेत आणि यादीत पहिला आहे खोटी घाई लावण्याचा. उदाहरण हॉटेलचं आहे: दोनच खोल्या उरल्यात, आत्ता आणखी 30 जण बघताहेत. तुमच्या त्या 43 जणांची ही सख्खी भावंडं. नकार देणाऱ्याला ओशाळं वाटेल अशी भाषा बटणावर लिहिणं हाही त्याच यादीत वेगळा प्रकार आहे. म्हणजे ज्या ओळीवर मीटिंग हसली, तिची नोंद दिल्लीत कुणीतरी आधीच करून ठेवली होती. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला पहिल्या खेपेला 10 लाखांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हे सगळं छापून सरांच्या टेबलावर ठेव. नीतीवर सर तासभर वाद घालतील, परिपत्रकावर घालणार नाहीत. (ही मन वळवण्याचीच युक्ती आहे, आणि मला तिची लाज वाटत नाही. का, ते पुढे सांगते.)

आता सरांच्या सबकॉन्शसकडे वळू. आमच्या वेळीही प्रत्येक एजन्सीत असे एक सर असायचे आणि त्यांना एक गोष्ट पाठ असायची. 1957 साली अमेरिकेत जेम्स विकरी नावाच्या बाजार-संशोधकाने जाहीर केलं की न्यू जर्सीतल्या एका चित्रपटगृहात त्याने पडद्यावर 'पॉपकॉर्न खा' आणि 'कोका-कोला प्या' अशा ओळी डोळ्यांना कळणारही नाहीत इतक्या झटकन झळकवल्या आणि पॉपकॉर्नचा खप 57.5 टक्क्यांनी वाढला, कोलाचा 18.1 टक्क्यांनी. जगभर घबराट झाली. पुढे 1962 मध्ये विकरीनेच कबूल केलं की ती धंद्यासाठी केलेली क्लृप्ती होती आणि जमवलेली माहिती निष्कर्ष काढण्याइतकीही नव्हती. त्या 57.5 मधला दशांश बघ. नुसते साठ टक्के म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, कशावरून? दशांश चिन्ह आलं की माणूस मान डोलावतो. पडद्यावरच्या ओळींनी पॉपकॉर्न विकलं गेलं नाही, पण त्या दशांशाने जाहिरातवाल्यांना विकरी विकला.

दुसरी गोष्ट तुमच्या ट्रेनिंगमध्ये सांगितली असणारच: 'कारण' या शब्दाची. मानसशास्त्रज्ञ एलन लँगर आणि सहकाऱ्यांनी 1978 मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग. न्यूयॉर्कमधल्या विद्यापीठात झेरॉक्सच्या मशीनपाशी एक जण पुढे घुसायला बघतो. 'पाच पानं आहेत, मशीन वापरू का?' असं नुसतं विचारलं तर 60 टक्के लोक हो म्हणाले. 'घाईत आहे' असं कारण दिलं तर 94 टक्के. गंमत पुढे आहे. 'वापरू का, कारण मला प्रती काढायच्या आहेत' हे काही कारणच नव्हे, तरी 93 टक्के हो म्हणाले. हे ऐकवून ट्रेनिंगवाले हात झटकतात: कारण काहीही द्या, फक्त द्या! उरलेला अर्धा प्रयोग कुणी सांगत नाही. पाचाऐवजी वीस पानं म्हटल्यावर पोकळ कारणाचा उपयोग शून्य झाला. कारण न देता 24 टक्के, पोकळ कारणाला 24 टक्के, खऱ्या कारणाला 42.

थोडक्यात, जिथे फारसं काही जात नाही तिथे माणूस ऐकून न ऐकल्यासारखं करतो आणि बाजूला सरकतो. पदरचं जायला लागलं की कान टवकारतो. पाच डझनांची हापूसची पेटी हे वीस पानांचं काम आहे, बाई. तिथे 'फक्त 7 पेट्या' पहिल्या वर्षी चालतं. दुसऱ्या वर्षी तोच माणूस रात्री पान उघडतो, सात दिसतात. सकाळी उघडतो, परत सातच दिसतात. मग तो तुमच्या उरलेल्या ओळीही त्याच नजरेने वाचतो.

मग माणसाचं मन वळतं तरी कसं? तुझा जन्म व्हायच्या आधीच्या एका बाईंचं उदाहरण देते. ऐंशीच्या दशकात निरमा इतकी स्वस्त होती की तिच्या शेजारी सर्फ म्हणजे उधळपट्टी वाटायची. किमतीत बरोबरी करणं शक्य नव्हतं. तेव्हा जाहिरातकार अलेक पदमसींच्या हाताखाली सर्फच्या जाहिरातीतल्या ललिताजी जन्माला आल्या, अभिनेत्री कविता चौधरींनी उभ्या केलेल्या. पांढरी साडी, भाजीवाल्याशी घासाघीस, कुणाचं ऐकून न घेणारा आवाज. आता विचार कर, महाग वस्तू विकायला पैसे उधळणारी नटवी बाई का नाही आणली? कारण समोरच्या गृहिणीला स्वतःच्या काटकसरीचा अभिमान होता. त्या जाहिरातीने तिला काटकसर सोड असं सुचवलंसुद्धा नाही. तुझ्याचसारखी काटेकोर बाई हिशेब कसा लावते ते दाखवलं आणि थांबली. मन वळवणं म्हणतात ते बहुतेक वेळा एवढंच असतं. बाहेरून आत काही घालता येत नाही. आत जे आधीपासून आहे, त्यालाच नवी वाट करून द्यायची.

हे आंब्याला लाव. टंचाईचा खोटा आकडा कशाला हवा? हापूस ही टंचाईच आहे! दोन-अडीच महिने, आणि पहिला पाऊस पडला की विषय संपला. गिऱ्हाइकाला आधीपासून एक भीती आहे, ती उरलेल्या पेट्यांची नाही. कर्नाटकचा आंबा कोकणच्या नावाने गळ्यात मारतील, याची आहे. तिच्याशी बोल. 2018 मध्ये रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. तुझा बागायतदार त्यात नोंदलेला असेल तर ते लिही, नसेल तर नोंदवून घ्यायला सांग. बाग कुठली, तोड कधीची, आढीत कधी घातला, हे पेटीगणिक लिहिता येतं.

आणि साका. हा शब्द तुमच्या अख्ख्या पानावर नाही, मी शोधला. हापूस खाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे की वरून सोन्यासारखा दिसणारा आंबा कापावा आणि आत पांढुरका, स्पंजासारखा साका निघावा, असं होतं. बाहेरून कुणालाच कळत नाही, बागायतदारालाही नाही. मग लिहून टाक: 'पेटीतल्या एखाद्या आंब्यात साका निघू शकतो. निघाला तर फोटो पाठवा, त्याचे पैसे परत.' सर म्हणतील, स्वतःच्या मालाची खोड स्वतः सांगायची? तर त्यांना मानसशास्त्रज्ञ कार्ल हॉवलंडचं काम सांग. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना पटवायचं होतं की जर्मनी पडली तरी जपानशी लढाई लांबणार आहे. एका गटाला एकाच बाजूचे मुद्दे ऐकवले, दुसऱ्याला विरुद्ध बाजूचेही. जे आधीपासून त्याच मताचे होते, त्यांच्यावर एकतर्फी भाषण बरं चाललं. पण ज्यांचं मत उलट होतं आणि जे जास्त शिकलेले होते, ते दोन्ही बाजू ऐकल्यावर जास्त वळले. हे 1949 मध्ये छापून आलं. तुझं गिऱ्हाईक पुण्यातलं आहे, म्हणजे बहुधा शिकलेलं आणि हमखास उलट मताचं. ज्या गावात 'आमची कोठेही शाखा नाही' ही ओळ अभिमानाने दुकानावर लागते, तिथे साक्याच्या ओळीला नक्की मान मिळेल.

43 जणांच्या जागीही खरं काही घालता येतं. गोल्डस्टीन, चाल्डिनी आणि ग्रिस्केविशियस यांनी 2008 मध्ये हॉटेलातल्या टॉवेलांवर एक अभ्यास छापला. 'पर्यावरण वाचवा, टॉवेल पुन्हा वापरा' या पाटीला साधारण 35 टक्के लोकांनी दाद दिली. 'इथले बहुतेक पाहुणे टॉवेल पुन्हा वापरतात' म्हटल्यावर 44 टक्क्यांनी. पुढच्या फेरीत सगळ्यात जास्त कोणती चालली असेल? 'याच खोलीत राहून गेलेल्या बहुतेकांनी' असं सांगणारी. आता पुण्यातल्या सोसायट्या आंबा कसा मागवतात ते तुला मी सांगायला नको. व्हॉट्सॲपवर एक जण विचारतो, दहा जण हात वर करतात. तुमच्याकडे गेल्या वर्षीच्या पत्त्यांची यादी आहे. 'तुमच्या सोसायटीतून गेल्या वर्षी 12 पेट्या गेल्या' हे खरं असेल तर लिही. नावं नको, पेट्या पुरेत.

यातली मेख तुझ्या लक्षात आली असेल. मी सुचवलं तेही सगळं मानसशास्त्रच आहे. टंचाई, इतरांचं बघून वागणं, खोड सांगून विश्वास मिळवणं, सगळ्या युक्त्याच. मग फरक कुठे? माझी एक जुनी कसोटी आहे: गिऱ्हाइकाच्या कानात युक्ती सांगून टाकायची. 'बाबा रे, तुझा विश्वास बसावा म्हणून मी साक्याचं लिहिलंय.' तो म्हणेल, बरं, पण पैसे परत देणार ना? देणार. मग झालं तर. आता हेच त्या सातांचं सांगून बघ. 'तू घाई करावीस म्हणून मी सात लिहिलंय, आहेत सातशे.' उरतं काही? म्हणूनच सरांच्या टेबलावर परिपत्रक ठेवताना मला लाज नाही वाटत. उद्या सरांना कळलं की हे ताईने सुचवलं, तरी परिपत्रक तिथेच असणार.

ही कसोटी मी कुठल्या पुस्तकातून घेतली नाही. 1986 च्या सुमारास मी मुलांच्या एका टॉनिकची मराठी कॉपी लिहिली होती. कंपनीचं नाव सांगत नाही, ओळही पूर्ण सांगत नाही. 'तुमचं मूल मागे तर पडत नाही ना?' या वळणाची होती. शेवटी प्रश्नचिन्ह. प्रश्नचिन्ह घातलं की काही सिद्ध करावं लागत नाही, हे मला तेव्हा फार हुशारीचं वाटायचं. आमच्याकडे धुणंभांडी करायला एक बाई यायच्या. एका महिन्याच्या सुरुवातीला त्या पदराखालून ती बाटली काढून मला दाखवत म्हणाल्या, 'ताई, हे तुम्हीच लिहिलंय ना? आमच्या थोरल्याला आणलं.' कौतुकाने म्हणाल्या. बाटलीची किंमत मला पाठ होती, त्यांचा पगार मीच देत होते. मी काय केलं विचारशील, तर काहीच नाही. हसले. चहा दिला. पुढच्या महिन्यात त्यांनी दुसरी बाटली आणली तेव्हाही गप्प बसले. पुढच्या वर्षी त्या टॉनिकचं काम दुसऱ्या कुणाकडे गेलं, मी सोडलं असंही म्हणता येत नाही. त्यांच्या कानात माझी युक्ती सांगायची वेळ आली असती तर मला तोंड उघडता आलं नसतं, एवढंच नंतर कळलं.

आता कथा.

संपादकांची ओळ तुला टोचली, पण त्यांनी नाडी अचूक पकडली आहे. विकणं आणि लिहिणं एकमेकांच्या इतकं जवळ आहे की आपल्याकडच्या शास्त्राने ते हजार वर्षांपूर्वी एकाच ओळीत बसवलं. अकराव्या शतकातल्या मम्मट या काव्यशास्त्रकाराने उपदेशाचे तीन प्रकार मानले. वेद आज्ञा करतात धन्यासारखी, तो प्रभुसंमित. पुराणं चार गोष्टी समजावतात मित्रासारखी, तो सुहृत्संमित. आणि काव्य सांगतं प्रियेसारखं, कांतासंमित. म्हणजे रमवत, नकळत, आपलंसं करून. (मम्मटाच्या घरी कांता नेमकी कशी बोलायची, हे कुठे लिहिलेलं नाही. आमच्या घरी प्रभुसंमितच चालायचं.) गोष्टीने मन वळतं हे त्याला पक्कं माहीत होतं आणि त्यात त्याला पाप दिसलं नाही. तेव्हा 'मी दोन्हीकडे एकच करते' म्हणून रडू नकोस. हत्यार एकच आहे, त्यात काही गैर नाही.

ते हत्यार किती धारदार आहे याचा एक पुरावा देते. 2007 मध्ये डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक यांनी छापलेला अभ्यास. एक प्रश्नावली भरण्याबद्दल लोकांना पाच डॉलर मिळाले आणि त्यातले थोडे आफ्रिकेतल्या भुकेल्यांसाठी द्याल का, असं विचारलं. काहींना लाखोंचे आकडे दिले, काहींना मालीमधल्या रोकिया नावाच्या सात वर्षांच्या मुलीची गोष्ट. आकड्यांना सरासरी 1.14 डॉलर मिळाले, रोकियाला 2.38. तिसऱ्या गटाला दोन्ही दिलं, रोकियाही आणि आकडेही. आपल्याला वाटतं, सगळ्यात जास्त इथे मिळतील. मिळाले 1.43. आकडे शेजारी येऊन बसले आणि ती मुलगी फिकी झाली.

तुझ्या कथेत तिसऱ्या पानावर नेमकं हेच झालंय. शनिवार पेठेतला वाडा, पुनर्विकासाच्या कागदावर सही न करणारी आजी. पहिली दोन पानं मी श्वास रोखून वाचली. पितळी कडीला तेल लावणारे तिचे हात मला अजून दिसताहेत. आणि तिसऱ्या पानावर एकदम पुण्यात किती वाडे पडले, चटईक्षेत्राचे नियम कसे बदलले, यावर एक परिच्छेद. तू अभ्यास केला आहेस हे कळतं. आजी मात्र त्या परिच्छेदात कुठेच नाही, आणि तो संपल्यावर तिला परत शोधायला मला अर्धं पान लागलं. काढ तो.

शेवटाचं मात्र सविस्तर बोलते, कारण दुखणं तिथे आहे. तू नारदीय कीर्तन ऐकलं आहेस का? पूर्वरंगात बुवा निरूपण करतात, अभंग घेऊन त्याचा अर्थ फोडतात, दाखले देतात. मध्ये नामघोष होतो, बुक्का लागतो, बुवांच्या गळ्यात हार पडतो. मग उत्तररंग, म्हणजे आख्यान, गोष्ट. पूर्वरंगात जांभया देणारी माणसंही आख्यानात सरसावून बसतात. जे निरूपणात सांगूनही डोक्यात शिरलं नव्हतं, ते आख्यानात डोळ्यांतून वाहतं. आणि मग आरती होते आणि ताट फिरतं. डोळे पुसता पुसता माणूस खिशात हात घालतो. हे मी टवाळीने म्हणत नाही. बुवांचं पोट त्यावर आहे, देवळाचा दिवा त्यावर आहे आणि ताट फिरणार हे आल्यापासून सगळ्यांना ठाऊक असतं.

जाहिरात म्हणजे उत्तररंग आणि ताट. तीस सेकंदांचं आख्यान, लगेच ताट. चार वर्षं तू रोज तेच करते आहेस, म्हणून तुझा हात आख्यान संपलं की आपसूक ताटाकडे जातो. कथेत ताट नसतं. तिथे माणसं आख्यान ऐकून काहीच न देता उठून जातात, कुणी रडत, कुणी बुवांशी भांडत, कुणी आपल्याच आईचा विचार करत. लेखकाला ते बघवत नाही, म्हणून तो दारात ताट घेऊन उभा राहतो.

तुझं ताट बघ. आजी सही करत नाही, बिल्डर 'ओठ वाकडे करून' निघून जातो आणि शेवटची ओळ येते: 'भिंती पाडता येतात, नाती पाडता येत नाहीत.' ही टॅगलाइन आहे, बाळ. हिच्याखाली सिमेंटचा लोगो ठेवला तरी चालेल, विम्याचा ठेवला तरी चालेल. ती खरी वाटते कारण ती तालात आहे. मॅकग्लोन आणि तोफिगबख्श यांनी 2000 मध्ये दाखवलं की एकच विचार यमकात बसवला तर लोकांना तो जास्त खरा वाटतो. आपल्या म्हणी आणि उखाणे उगाच टिकले नाहीत. पण वाचणाऱ्यांना आधी सांगितलं की नाद बाजूला ठेवून अर्थ बघा, तर हा फरक बराचसा उतरला. आता तूच नाद बाजूला ठेवून ती ओळ वाच. नाती पाडता येत नाहीत? तुझ्या कथेत आठव्या पानापर्यंत आजी आणि तिचा मुलगा एकमेकांशी बोलत नाहीत.

त्या मुलाकडे तू लक्षच दिलेलं नाहीस. त्याला तू बिल्डरचा हस्तक करून टाकलंस. जाहिरातीत प्रतिस्पर्ध्याचा साबण फिका दाखवतात ना, तसा. खरा तो काय म्हणत असेल? रात्री दोन वाजता आईला अंगण ओलांडून सामायिक संडासात नेताना तिचा पाय घसरलेला त्याने पाहिलाय. जिन्याच्या बावीस पायऱ्यांमुळे दोन वर्षांत ती रस्त्यावर उतरलेली नाही. पावसाळ्यात माळवदाची माती ताटात पडते. तू हे सगळं जाणतेस, कारण ते संडासाचं वाक्य तुझ्याच कथेत आहे, फक्त कंसात आहे. त्याला कंसातून बाहेर काढ. मुलाला इतकं चांगलं बोलू दे की लिहिता लिहिता तुलाच वाटावं, सही करावी म्हातारीने. हॉवलंडच्या त्या दोन बाजू इथेही येतात, पण इथे त्या कुणाला वळवायला आणायच्या नाहीत. आंब्याच्या पानावर साका सांगताना तुला माहीत असतं की शेवटी पेटी विकायची आहे. कथेत आजी सही करेल की नाही, हे दहाव्या पानापर्यंत तुलाही माहीत नसलं तर बरं.

आणि बिल्डरचे वाकडे ओठ सरळ कर. मी तीन-चार बिल्डर पाहिलेत, सगळे फार गोड हसतात आणि आईच्या पाया पडतात.

नऊ नंबरच्या पानावर एक वाक्य आहे, तुझ्या लक्षातही नसेल. मुलगा नव्या इमारतीचा नकाशा दाखवत असतो आणि आजी विचारते, 'लिफ्टचं बटण केवढ्या उंचीवर असतं रे?' तू ते लिहून पुढे निघून गेलीस. तिचा हात वर जात नाही, म्हणून विचारते? की ती राजी होते आहे? की मुलाला खिजवते आहे? मला माहीत नाही, आणि मी तो प्रश्न घेऊन स्वयंपाकघरात जाऊन आले, भाजी लागली. कथा तिथे संपली आहे.

त्यानंतरचं दीड पान मी खोडलंय. तुझी प्रत याच आठवड्यात टपालाने परत पाठवते. पेन्सिलीनेच खोडलंय; पटलं नाही तर पुसून टाक.

तुझी,
ताई